मोनिकाच्या पिशवीतला नारळ

१

पिशवीत तांब्या नव्हता. तांब्याच्या जागी नारळ होता.

मोनिकानं तो बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, बाबा कुठं गेले?”

कुजबुजत म्हणाली म्हणून बरं. उंबरेवाडीच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही पाणी प्यायला टेकलो होतो. रविवार होता, शाळा बंद होती आणि शहरातली माणसं डोंगर चढून आली म्हणून निम्मी वाडी बघायला जमली होती. तांब्यात काय आहे हे इथं कुणालाही कळता कामा नये, असं मीच तिला बजावून ठेवलं होतं.

तांब्यात तिचे वडील होते. गोरक्षनाथ सर, माझा चाळीस वर्षांचा मित्र. मूळचा नेवाशाचा, शेतकऱ्याच्या घरातला. उमेदीची वर्षं राजूरला भूगोल शिकवण्यात गेली. त्या दिवसांत सुट्टी मिळाली की हा एकटा राजूरहून निघायचा, मधला डोंगर चढायचा आणि संध्याकाळी कोतूळला मुळा नदीत पाय सोडून बसायचा. “विष्णुपंत, एकदा तुम्ही चला,” असं तो मला तीस वर्षं म्हणत होता, आणि पुढच्या वर्षी नक्की, असं मी तीस वर्षं म्हणत होतो. महिन्याभरापूर्वी तो गेला. माझ्या अस्थी चालत न्या आणि मुळेत सोडा, असं लेकीला सांगून गेला. तेव्हा कुठं मला वेळ मिळाला.

मी भिंगारला राहतो. विमा कंपनीत चौतीस वर्षं दाव्यांची चौकशी केली. जळालेली दुकानं, मेलेल्या म्हशी, हरवलेले टेम्पो. खोटं बोलणारा माणूस मला वासावरून कळतो, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

त्या दिवशी मात्र मी ओट्यावर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “चोरी झाली आहे. कुणीही जागा सोडायची नाही.”

२

आम्ही निघालो होतो पाच जण. मी, मोनिका, तिचा चुलतभाऊ पार्थ, वाट दाखवणारा सहादेव आणि त्याची आई बनुबाई. सहादेवचं घर राजूरच्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. दुपारचं जेवण त्यांच्याकडचं, म्हणून बनुबाई डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन आमच्याबरोबर चढत होती. साठीची बाई, पण मी दर दहा पावलांना थांबत होतो आणि ती माझ्यासाठी थांबत होती.

सहादेव चढता चढता बोलत होता. “आधी दिवाळी झाली का आमी टोळीसंगं ऊसतोडीला जायाचो, साहेब. म्या, बायकू आन आय बी. ह्या वयात आय मोळ्या वाहायची. दोन वर्सं झाली, तुमच्यावानी लोकं डोंगर बगाया येत्यात, म्हून आमी घरी हाय. आयला आता न्हाई धाडनार.”

ते कामही उंबरेवाडीच्या मर्जीवर होतं. वाट रानजाईच्या राईतून जाते. देवीचं राखलेलं रान ते; तिथली काडीसुद्धा कुणी उचलत नाही. कुणी वाट दाखवायची आणि कुणी नाही हे वाडी ठरवते. सहादेव वाडीचा जावई, म्हणून त्याला परवानगी मिळालेली.

त्यानं आठवड्यापूर्वी मला फोनवर स्पष्ट विचारलं होतं. “साहेब, संगं अस्थी-बिस्थी काय न्हाई ना? तसलं राईतनं चालत न्हाई. असलं तर बैलवाटनं जाऊ. तीन तास जास्ती लागत्यात, पर राई चुकती.”

“छे, छे,” मी म्हणालो. “एक तांब्या आहे, पण पेढ्यांचा. कोतूळला देवळात द्यायचा आहे.”

तीन तास जास्त माझ्या गुडघ्यांना झेपले नसते. खोटं बोलायला मला एवढंच कारण पुरलं.

राईच्या तोंडाशी एक झरा आहे. तिथं सगळ्यांनी चपला-बूट काढून पिशव्यांत टाकायचे, कमरेचे पट्टे सोडायचे, हातपाय धुवायचे आणि अनवाणी आत जायचं. आम्ही एकेक करून झऱ्यावर उतरलो. पिशव्या वर जांभळीखाली होत्या, मोनिकाची तेवढी फांदीला. बनुबाईनं मोनिकाला तर कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तोंडावर पाणी मारायला लावलं. मग म्हणाली, “माजा गुडघा लई दुखतोय. म्या जाते माघारी घरला,” आणि पाटीतलं भाकऱ्यांचं गाठोडं सहादेवच्या हाती दिलं.

वीस मिनिटं आम्ही राईतून चाललो. मधेच पार्थ मोबाईल राहिला म्हणून झऱ्याकडे पळाला आणि पाच मिनिटांनी घामाघूम होऊन आला. देवीच्या शेंदरी दगडापाशी सहादेवनं नुसती दोन फुलं वाहिली आणि पुटपुटला, “नारळ ऱ्हायला, आये. माफी कर.” मग आम्ही पलीकडे उंबरेवाडीत निघालो, आणि मोनिकानं पिशवी उघडली.

म्हणजे तांब्या गेला तो झऱ्यावर. आणि झऱ्यावर आम्हा पाच जणांखेरीज कुणीही नव्हतं.

३

पहिला संशय पार्थवर. हेतू त्याच्याकडेच होता. गोरक्षनाथच्या तेराव्याला पार्थच्या वडिलांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नेवाशात प्रवरा वाहत असताना आपल्या माणसाच्या अस्थी परक्या नदीत का, असा त्यांचा सवाल. पार्थही बापाच्या बाजूनं तावातावानं बोलला होता. मग तो मुकाट्यानं आमच्याबरोबर आलाच कशाला?

मी वाडीतली दोन वयस्क माणसं पंच म्हणून ओट्यावर बसवली. पेढ्यांचा तांब्या गेला, एवढंच त्यांना सांगितलं. ही माझी जुनी शिस्त. एकांतातला जबाब मी कधीच घेतला नाही. माणूस नंतर फिरतो. जे काय ते दोन माणसांसमोर.

“मोबाईल आणायला गेलास तो पाच मिनिटं?”

“सापडत नव्हता, काका.”

“पिशवी उघड.”

“काका, नको. सगळ्यांसमोर नको.”

मी त्याच्या हातातून पिशवी ओढून घेतली. टॉवेल, बिस्किटं, सदरा. तळाशी सदऱ्यात गुंडाळलेली एक बाटली, तोंडाला लाल दोरा बांधलेली. मी ती उंच धरली. “हे काय?”

पार्थचे कान लाल झाले. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “प्रवरेचं पाणी आहे. नेवाशाच्या घाटावरून भरून आणलंय. नानाकाका मुळेत जाणार ना, मग त्यांच्याबरोबर हेही सोडावं म्हटलं. मोनिकाताईला तिथं गेल्यावर सांगणार होतो.” मग बाटली माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, “वडिलांना माहीत नाही.”

मोनिकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता मोठ्यानंच रडायला लागली. समोर राईची पूजा करणारी साळूबाई बसली होती. वाडीत तिचा शब्द चालतो. ती म्हणाली, “पेढ्यांपायी येवढी रडतीया व्हय ही पोरगी?”

दोनचार बाया हसल्या. मला तेव्हाच थांबता आलं असतं. एका पोराची पिशवी चव्हाट्यावर उपसून मी त्याचं मन उघडं पाडलं होतं. एवढी लाज कुणालाही पुरली असती. पण मला वाटलं ते इतकंच, की चला, एक नाव कमी झालं.

४

“सहादेव, तू ये.”

तो पुढं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, जरा बाजूला या. तुमाला येक सांगायचं हाय.”

“इथंच सांग.”

“हितं न्हाई सांगता येत. पाया पडतो, त्या आंब्यापस्तोर या. तांब्याला काय झालेलं न्हाई.”

काय झालेलं नाही! म्हणजे याला ठाऊक आहे. माझ्या अंगात चौतीस वर्षांची नोकरी संचारली. अशा वेळी माणसाला बाजूला घेतलं की तो हातापाया पडतो, गयावया करतो आणि प्रकरण मिटतं. माझं एकही प्रकरण असं मिटलेलं नव्हतं.

“जे काय ते सगळ्यांसमोर,” मी म्हणालो. “पिशवी दाखव.”

त्याची सासू गर्दीत उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला. सहादेवनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी स्वतःच माझ्यासमोर ओतली. भाकऱ्यांचं गाठोडं, दोर, काडेपेटी, आणि बायकी चपलांचा एक जोड. झिजलेला, एका अंगठ्याला तार बांधलेला.

“या कुणाच्या?”

“आयच्या.”

“आई तर घरी परत गेली. मग चपला तुझ्याकडे कशा? सबंध डोंगर ती काय अनवाणी उतरली?”

सहादेव मान खाली घालून उभा राहिला. आणि त्या चपलांकडे बघता बघता मला एकाएकी सगळं दिसलं. कोण, कसं, कुठून, कशासाठी. सुटलेलं कोडं डोक्यात लख्ख उभं राहतं तेव्हा जो आनंद होतो तो मला झाला, हे मी लपवत नाही. म्हाताऱ्याला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

“बसा सगळे,” मी म्हणालो. “तांब्या कुणी नेला ते मी सांगतो.”

५

माणसं सरसावून बसली. बिचाऱ्यांना आयता खेळ मिळाला होता.

“चोराला तांबं हवं होतं, असं समजू,” मी सुरुवात केली. “मग तो तांब्या उचलेल आणि पळेल. बदली नारळ ठेवत बसणार नाही. नारळ ठेवला, कारण पिशवी हलकी लागली असती तर मोनिकाला लगेच कळलं असतं. आता नारळ कुणाजवळ होता? रानजाईसाठी आणलेला नारळ बनुबाईच्या पाटीत होता. देवीपुढं सहादेव म्हणाला, नारळ राहिला. राहिला नव्हता. तो मोनिकाच्या पिशवीत होता.”

“आय गं,” कुणीतरी म्हणालं. मला जोर चढला.

“बनुबाई म्हणाली, घरी जाते. घरची वाट उजवीकडे उतरते. पण राईत शिरताना मी मागं पाहिलं तेव्हा तिचं हिरवं लुगडं डावीकडे जाताना दिसलं होतं. डावीकडे काय आहे? बैलवाट. ती राईला वळसा घालून कोतूळला जाते. म्हणजे तांब्या चोरीला गेलेलाच नाही. आपण जिथं चाललो आहोत तिथंच तो चालला आहे, फक्त राईच्या बाहेरून. आणि चपला? राईत न शिरणाऱ्या बाईनं चपला का काढल्या? कारण तिच्या हातात जे आहे ते घेऊन माणूस चपला घालून चालत नाही.”

“साहेब,” सहादेव म्हणाला. “बास करा.”

मी बास केलं नाही. शेवटचा दुवा राहिला होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत सुरेख होता.

“हे बनुबाईला कळलं कसं? मी तिला पेढे म्हणून सांगितलं होतं. पण तिनं मोनिकाला पाहिलं. प्रत्येक थांब्यावर मोनिका पिशवी फांदीला अडकवत होती. स्वच्छ खडक समोर असताना एकदाही तिनं ती खाली टेकवली नाही. महिनाभर तो तांब्या शेतातल्या झाडाला टांगलेला होता, कारण अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत.”

अस्थी हा शब्द मी उच्चारला आणि ओट्यावरचं सगळं थांबलं. हसणं, कुजबुज, सगळं.

साळूबाई उठून उभी राहिली. “कसल्या अस्थी? झऱ्यापस्तोर अस्थी आनल्या हुत्या?”

त्या क्षणी मला कळलं. बनुबाईनं तांब्या का नेला हे मला केव्हाच कळलं होतं. ती गप्प का राहिली हे आत्ता कळलं. राई बाटू नये, पाहुण्याचं खोटं उघडं पडू नये आणि लेकाची वाट बंद होऊ नये. तीन गोष्टी तिनं एका फेऱ्यात सांभाळल्या होत्या. त्या तिन्ही मी पुराव्यानिशी मोडल्या, आणि वर श्रोते आणखी जवळ बसवून घेतले होते.

“जावयबापू,” साळूबाई सहादेवला म्हणाली, “तुला ठावं हुतं?”

मला वाटलं, आता हा म्हणेल, साहेब खोटं बोलले. तेच खरं होतं. पण तो म्हणाला, “झऱ्यावर कळलं. आयनं सांगितलं. तांब्या राईत न्हाई गेला, मावशी. इठोबाची आन.”

“तांब्या न्हाई गेला. पर त्यो वागवनारी पोरगी गेली ना बिनअंघोळीची? आन तुला कळूनबी तू नेली.”

“खोटं मी बोललो,” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. “त्यानं मला आधीच विचारलं होतं. मी पेढे सांगितले. त्याचा काही दोष नाही.”

साळूबाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला जड गेलं. “तुमचं खोटं तुमच्यापाशी, बाबा. तुमी उद्या भिंगारला. राईतनं मानसं आनतो त्यो हा. वाट ह्याच्या भरवशावर दिली हुती.” मग तिनं दोन्ही पंचांकडे पाहिलं. मीच बसवलेले पंच. त्यांनी माना हलवल्या. “चैतात जत्रा हुस्तोर ह्यानं कुनाला आनायचं न्हाई. जत्रंत देवीम्होरं बगू.”

चैत्र पाच महिन्यांवर होता. सहादेवनं हात जोडले, चपला पुन्हा पिशवीत ठेवल्या आणि आम्हाला म्हणाला, “चला. उजेडाचं उतराया पायजे.”

६

उतरताना सहादेव नेहमीसारखा पुढं चालत होता, निसरड्या जागी थांबून मला हात देत होता. दोनदा मी “सहादेव,” म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्यानं “जपून, साहेब, दगूड सुटा हाय,” असं म्हणून मला गप्प केलं.

तिसऱ्यांदा मी विचारलं ते भलतंच. “नारळ वजनासाठीच ठेवला होता ना?”

“न्हाई,” तो मागं न बघता म्हणाला. “आय म्हनली, बापाला घिऊन निगालेली पोर हाय, तिची पिशवी रिकामी नगं.”

कोतूळच्या खाली मुळेच्या काठी आम्ही पाचच्या सुमारास पोचलो. उन्हं अजून पाण्यावर होती. अर्ध्या तासानं बैलवाटेच्या उतारावर हिरवं लुगडं दिसलं. बनुबाई येत होती. पदरात गुंडाळलेला तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, पाय करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेले. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं.

ती नीट मोनिकापाशी गेली. “घे बाई. कुठं टेकवला न्हाई. येका जागी पानी प्याले, तवाबी फांदीला बांदला.” मग ओशाळून म्हणाली, “तुला न इचारता न्हेला. रागवू नगं. वाडी सुटली का सहादेव कानात सांगनार हुता तुला.”

मोनिका तिच्या पायाच पडली. मग भाऊ-बहीण पाण्यात उतरले. पार्थनं बाटलीचा लाल दोरा सोडला, मोनिकानं तांब्यावरचं फडकं सोडलं, आणि माझा मित्र दोन नद्यांच्या पाण्यात मिसळून गेला. मी काठावरच उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही पुढं झालो नाही.

बनुबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दमली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मोठं काम निभावून नेलेल्या माणसाचं असतं तसं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, “वाडीत कुनाला कळलं न्हाई ना, साहेब?”

सहादेव नदीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही. सांगायचं माझ्यावर सोडून दिलं त्यानं.

“कळलं, बनुबाई,” मी म्हणालो. “मीच सांगितलं. सगळ्यांना बसवून सांगितलं.”

तिला पहिल्यांदा ते उमगलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी चेष्टा करतोय की काय अशी. मग तिनं लेकाच्या पाठीकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, पण माफी मागितली. तिनं माझे जोडलेले हात हलकेच खाली केले, आणि ती लेकाकडे गेली.

“टोळी कवा निगती?” तिनं विचारलं.

“फुडल्या सोमवारी.”

“मंग घरी जाऊन कोयतं पाजळाया पायजे,” बनुबाई म्हणाली. “माजाबी काड.”